सारिकेनं वाचवलेला वेळ

तुळशीला सलाईन लावलंय ही बातमी टेपवाडीला पहिल्यांदा दिली ती प्रयागबाईनं. सकाळी विहिरीवर कळशी भरता भरता ती म्हणाली, "गो बायांनो, सारिकीची तुळस आजारी हाय. बाटली चढवलीय तिला." बाया हसल्या. मग दोघीतिघी कळश्या तिथंच ठेवून खरंखोटं करायला वर गेल्या, आणि बघतात तर काय, खरंच! वृंदावनाच्या वर कपड्यांच्या दोरीला सलाईनची बाटली उलटी टांगलेली, तिला नळी, नळीला थेंब कमीजास्त करायचं ते चाक, आणि पाणी आपलं टपटप तुळशीच्या मुळाशी पडतंय. तुळस चांगली तरारलेली होती. पण बातमी तोवर खाली रस्त्याला पोचली होती, आणि संध्याकाळी उमरठहून आलेला एक पाहुणा "आता बरी हाय का तुळस?" असं विचारून गेला.

सारिका महाडला एका मेडिकलच्या काउंटरवर असते. मुदत संपली म्हणून शेठनं फेकायला काढलेली बाटली तिनं घरी आणली, धुतली, साधं पाणी भरलं आणि टांगली. रोज उठून तुळशीला पाणी घालायचं काम मिटलं. एखादं काम असं कायमचं मिटलं की तिच्या तोंडावर जो आनंद दिसतो, तो दुसऱ्या बाईच्या तोंडावर नव्या साडीनंही यायचा नाही. आणि का येऊ नये? नवरा मुंबईला. तसं वाडीतल्या निम्म्या बायकांचे नवरे मुंबईलाच असतात, पण ते गणपतीला येतात, शिमग्याला येतात, येताना मिठाईचा पुडा आणतात. सारिकेच्यानं भांडुपला दुसरं बिऱ्हाड थाटलं आणि त्याला एस.टी.चा रस्ताच आठवेनासा झाला. "मेला असता तर रडून मोकळी तरी झाले असते," असं ती एकदा रागाच्या भरात म्हणाली होती. पुढं तिनं रडणंही सोडून दिलं, कारण त्यालाही वेळ लागतो. मागं उरली ती चौथीतली ऋतिका, रोजची नोकरी, आणि घरातली न संपणारी कामं.

मग तिनं एकेक काम धरलं आणि त्याची मान मुरगाळली. अंगण सारवायचं म्हणजे शेण आणा, कालवा, कंबर मोडून घ्या. तिनं अंगणात सिमेंटचा कोबा करून टाकला. रांगोळी उंबऱ्यावर कायमची चिकटवली. कपड्यांच्या घड्या घालणं बंद, दोरीवरनं काढायचे ते थेट अंगात घालायचे. कपाट रिकामं पडलं म्हणून त्यात कांदे-बटाटे ठेवले. सकाळचा चहा एकदाच करायचा आणि थर्मासात भरून ठेवायचा. भाकऱ्या रविवारी थापून, अर्ध्या शेकून फ्रिजात टाकायच्या. आता तांदळाची भाकरी आणि फ्रिज यांचं किती जमतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. त्या भाकरीनं भिंतीत खिळा ठोकता आला असता. पण ती कुकरात वाफवली की दातांना जुमानायची, एवढ्यावर मायलेकींनी भागवून घेतलं. ऋतिकेच्या वेण्या रात्रीच घालून तिला झोपवायची. एकदा गणवेश घालूनच झोपवून पाहिलं, पण सकाळी पोर अशी चुरगळून शाळेत गेली की बाईंनी वहीत शेरा दिला. तेवढी एक सुधारणा मागं घ्यावी लागली.

वाडीला हे पचणं शक्यच नव्हतं. टेपवाडीत वेळ मुबलक आहे. इथं एस.टी. गेली की दुसरीची वाट बघत माणसं फाट्यावर गप्पा मारत बसतात, आणि दुसरी आली तरी गप्पा अर्ध्यावर टाकून चढत नाहीत. अशा ठिकाणी एक बाई वेळ वाचवते म्हणजे ती नक्की काहीतरी लपवते, असा प्रयागबाईचा संशय होता. "अंगण सारवत नाय, घड्या घालत नाय, मग करते काय दिवसभर?" असं ती विचारायची. सारिका दिवसभर महाडला असते हे तिला माहीत होतं, पण उत्तरासाठी थोडंच कुणी विचारतं!

आणि गंमत बघा. त्याच वाडीत दोन घरं सोडून दीपेश राहतो. त्याची बायको दोन वर्षांमागं कावीळ होऊन गेली. पदरात एक मुलगी. तोही एकटा, हीही एकटी. पण दीपेशच्या दारात रोज कुणी ना कुणी डबा ठेवून जातं, कधी घावणे, कधी सुकटीची चटणी. "बिचारा बापय माणूस, त्याला काय जमतंय?" असं म्हणत बाया त्याचं अंगणही झाडून येतात. सारिकेच्या दारात डबा येत नाही, सल्ला येतो. "भाकरी ताजी करत जा गो, पोरीच्या पोटाला बाधेल," हे सांगायला प्रयागबाई येते, चांगली टेकून बसते, आणि ताजी भाकरी होईल एवढा वेळ खाऊन जाते.

बरं, वाचवलेला वेळ जायचा कुठं? तर वाडीच्याच घशात. "तुझं काय गो, तुझं सगळं झालेलं असतं," म्हणून येता येता ह्याच्या बीपीच्या गोळ्या आण, त्याच्या पेन्शनचा अर्ज ऑनलाइन भर, तिच्या सुनेला फोन लावून दे. सारिका संध्याकाळी मिनिडोर रिक्षातून फाट्यावर उतरायची ती हातात वाडीभरच्या पिशव्या घेऊन, आणि चढ चढून घरी पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असायची. शाळा सुटल्यापासून तोवर ऋतिका प्रयागबाईच्या पडवीत बसून असायची, दप्तर मांडीवर घेऊन, रस्त्याकडं तोंड करून. मध्येच प्रयागबाईच्या फोनवरनं आईला विचारायची, "कुठं हाईस?" आणि आई म्हणायची, "आलेच हं." महाडातनं निघाली नसली तरी 'आलेच', निघून वाटेत अडकली तरी 'आलेच'. पोरीनं त्या शब्दावर विश्वास ठेवणं कधीच सोडून दिलं होतं, पण विचारायची मात्र.

सगळं चाललं होतं, पण गेल्या शिमग्याला एक गोष्ट वाईट घडली. शिमग्यात वाघजाईची पालखी देवळातून निघते आणि वाडीत घरोघर जाते. खालूबाजाचे ढोल घुमतात, अंगणात पालखी नाचवतात, मग ती पाटावर टेकते, घरची बाई देवीची ओटी भरते, आणि पालखी पुढच्या घरी जाते. वर्षातून एकदा देवी आपल्या दारात येते, त्यासाठी मुंबईची माणसं रजा काढून येतात. गेल्या वर्षी सारिकेला सुट्टी मिळाली नव्हती. पालखी तिच्या बांधापर्यंत आली, दाराला कुलूप बघितलं आणि वळून गेली. ऋतिका प्रयागबाईच्या पडवीत उभी होती. तिनं ते वळणं बघितलं. ती रडली नाही, नुसती आत जाऊन बसली, आणि त्यानंतर वर्षभर वेळी-अवेळी म्हणत राहिली, "आपल्याकडं नाय आली." भाकरी खाताना म्हणायची, वेणी घालताना म्हणायची. सारिकेच्या काळजात ते घर करून राहिलं. तिनं शपथ घेतली, "ह्या वर्षी काय वाट्टेल ते होऊ दे, मी दारात उभी असेन." ऋतिका म्हणाली, "बघू."

ह्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर गावकी बसली ती वेगळ्याच अडचणीनं. आजवर पालखी फिरायची ती तिच्या मर्जीनं. एका दारात चहा, दुसऱ्या दारात जेवण, तिसऱ्या दारात जुनं भांडण, असं करत तीन दिवस जायचे. पण मुंबईकरांनी निरोप धाडला होता की शनिवारी पालखी उरकली पाहिजे, रविवारी हायवेला गाड्यांची रांग लागते. गावकीचे पुढारी रावजीआबा. त्यांच्या घरच्या भिंतीवर घड्याळ आहे, पण त्याच्यामागं ते चिठ्ठ्या खोचतात. त्यांनी खूप विचार केला आणि काठी टेकत सारिकेच्या घरी आले.

"सारिके, तू वेळ वाचवतेस ना?"

"हो आबा."

"मग वाघजाईचा वाचव."

सारिकेला काय वाटलं सांगू! ज्या वाडीनं तिच्या तुळशीवरून तिला नावं ठेवली, ती वाडी आज तिच्या कोब्यावर येऊन तिचं डोकं मागत होती. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न निघाला होता, तो आबांनी खाली बघत सांगितला. नवरा टाकून गेलेल्या बाईनं ओटी भरावी का? एका पक्षाचं म्हणणं, नवरा जिवंत आहे म्हणजे ती सवाष्ण. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, जिवंत आहे पण दुसरीकडे. वाद बराच रंगला, मग चहा आला, आणि निर्णय राहून गेला. "म्हणजे भर तू," आबा म्हणाले. "नाय म्हणायचं ठरलंच नाय ना."

सारिकेनं कंबर खोचली आणि पालखीचं वेळापत्रक केलं. नारळ आदल्या दिवशीच सोलून ठेवायचे. ओटीचं ताट उंबऱ्यावर तयार पाहिजे. ढोल एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाताना थांबायचे नाहीत. फोटो घरटी एकच. आणि चहा प्रत्येक दारात नाही, सगळ्यांना मिळून एकदाच, देवळात. ह्या शेवटच्या कलमावरून वाडीत हलकल्लोळ झाला. "चहाशिवाय देव उठतो का कधी?" असं लोकांनी विचारलं. पण मुंबईकरांनी फोनवरून दम भरला आणि वाडी गप्प बसली. सारिकेचं घर वाडीच्या टोकाला, सगळ्यात वर. तिच्या दारात पालखी यायची ती उन्हं कलल्यावर. तिनं शेठकडून दुपारपासूनची सुट्टी मागून घेतली. शेठनं दिलीही. आता काही चुकायचं कारणच नव्हतं.

चुकलं ते हुशारीनं. शनिवारी दुपारी ती निघायला झाली, पर्स खांद्याला लावली, आणि तिच्या मनात आलं की वेळापत्रक आपण केलंय खरं, पण फिरणार आहे टेपवाडी. टेपवाडीत लग्नाचा मुहूर्त कधी साधला आहे? तीन दिवसांची पालखी एका दिवसात होईल म्हणता काय! कितीही पळाली तरी दिवेलागणीला आपल्या दारात. मधला वेळ फुकट जाणार. उद्या रविवारी शेठ स्टॉक मोजायला अर्धा दिवस बोलावणार होता, तो स्टॉक आत्ताच मोजून टाकला तर अख्खा रविवार वाचेल! वेळ वाचवायची संधी दिसली की ह्या बाईचा हात आपोआप पुढं जायचा. तिनं पर्स खुंटीला लावली आणि खोकल्याच्या बाटल्या मोजायला बसली.

आणि तिकडं टेपवाडीनं, जिनं जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, तिनं नेमकं ह्या वेळी ऐकलं. नारळ सोललेले, ताटं तयार, बाया पदर खोचून उंबऱ्यात उभ्या. आबांचा पुतण्या साहिल मुंबईला एका सोसायटीत सुपरवायझर आहे, तो गळ्यात शिट्टी अडकवून आला होता. ओटी भरली की शिट्टी. "चलो, चलो, नेक्स्ट घर! काकू, फोटो बाद में!" वाघजाईला आयुष्यात असं कुणी पळवलं नसेल. ढोलवाल्यांना घाम पुसायला फुरसत मिळेना. एका म्हाताऱ्यानं नवसाचं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, तो अर्ध्यावर असतानाच पालखी पुढच्या बांधाला लागली. उन्हं कलायला अजून खूप अवकाश होता, आणि पालखी सारिकेच्या अंगणात येऊन उभी राहिली.

पुढं जे झालं ते वाडीनं सारिकेला इतक्यांदा सांगितलंय की तिला आता आपण तिथंच होतो असं वाटतं.

दार उघडं होतं. अंगणात पाट मांडलेला, पाटावर अक्षता. उंबऱ्यात ऋतिका, नवा फ्रॉक घालून, हातात नारळ घेऊन उभी. "आई कुठंय गो?" आबांनी विचारलं. पोरीनं डोळ्याची पापणी लववली नाही. म्हणाली, "आत हाय. साडी नेसतेय. तुम्ही टेकवा." भोई तसेही अनवाणी होते आणि अंगण सिमेंटचं. भर दुपारच्या फाल्गुनातल्या उन्हात तो कोबा असा तापला होता की भोई एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होते आणि लोकांना वाटत होतं पालखी नाचतेय. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. पालखी टेकवली आणि सगळे पळत सावलीला गेले.

झालं! एकदा टेकलेली पालखी त्या घरची ओटी भरल्याशिवाय उचलायची नाही, हा नेम. मोडला तर वर्षभर वाडीत जे जे वाईट होईल ते ते मोडणाऱ्याच्या नावावर. साहिलनं शिट्टी मारली. कुणी बाहेर आलं नाही. प्रयागबाई आत डोकावून आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "आत कोण नाय! कांदे हायत नुसते!"

सगळ्यांनी ऋतिकेकडं बघितलं. ती पालखीसमोर फतकल मारून बसली होती, नारळ मांडीत घट्ट धरून.

"खोटं बोललीस गो देवीसमोर?" आबा ओरडले.

"हो," ती म्हणाली. "आई येईपर्यंत थांबा."

मग तिला समजवायला अख्खी वाडी पुढं झाली. प्रयागबाई म्हणाली, "आण तो नारळ, मी भरते ओटी. मी सवाष्ण हाय, वेळ वाचंल."

"तुमच्या घरची झाली. ही आमच्या घरची."

साहिल मांडी घालून तिच्यासमोर बसला. "बघ बेटा, टाइमटेबल है ना? तुमच्या घराला इतकाच टाइम हाय."

"टाइमटेबल आईनं केलंय. आई आली की तिला सांगा."

साहिलनं शिट्टी खिशात घातली आणि फोन घेऊन घरामागच्या टेपावर, त्या टेकाडावर चढला, कारण वाडीच्या ह्या टोकाला रेंज तिथंच येते.

सारिकेचा फोन वाजला तेव्हा ती मलमांच्या खोक्यांपर्यंत पोचली होती. "वहिनी, पालखी तुमच्या दारात आलीय!" एवढंच ऐकू आलं आणि रेंज गेली. आबा कुणासाठी थांबणाऱ्यातले नाहीत, आणि गेल्या वर्षीचं कुलूप तिच्या डोळ्यांसमोर आलं. स्टॉक तसाच टाकून ती पळत सुटली. नाक्यावर गणूची मिनिडोर उभी होती, पोलादपूरकडं तोंड करून, दोन सीट रिकाम्या.

"गणू, निघ रे लगेच!" आत चढत ती म्हणाली.

"दोन सीट भरू दे ना ताई."

"अरे, पालखी दारात आलीय माझ्या!"

"मग काय झालं? देव काय पळून जातो का?" गणू म्हणाला आणि त्यानं तोंडात तंबाखू सोडली. "तुम्हालाच कधी बघितलं नाय बसून राहिलेलं."

सारिका खाली उतरली आणि तिनं नाक्यावरच्या एका नवराबायकोला हाताला धरून "कुठं जायचंय? चला, बसा," म्हणत आत कोंबलं. ते बिचारे माणगावच्या गाडीची वाट बघत होते, उलट्या दिशेचे. हे त्यांनी गाडी सुटल्यावर सांगितलं आणि गणूनं पुढच्या वळणावर शिव्या देत त्यांना उतरवलं. हायवे शिमग्याच्या गाड्यांनी तुंबलेला. सावित्रीचं पात्र उजवीकडं सुकून पडलेलं, आणि मिनिडोर एका ट्रकमागं रांगत होती. सारिकेला तेव्हा स्वतःचाच भयंकर राग आला. सगळं वर्षभर घासाघासाचा वेळ वाचवला तो ह्या एका दुपारसाठी, आणि ती दुपार आपण खोकल्याच्या औषधावर घालवली! ती पदर तोंडात धरून रडली. गणूनं आरशात बघितलं आणि पहिल्यांदाच गाडी जरा जोरात मारली.

फाट्यावर उतरून ती चढाला लागली. वर ढोलांचा आवाज नव्हता. एकदम शांत. गेली पालखी, ती मनात म्हणाली. तरी चढत राहिली, कारण वर ऋतिका होती आणि तिला तोंड दाखवायचं होतं.

बांधावरून तिनं बघितलं आणि ती जागच्या जागी थांबली. अंगणात सगळी वाडी बसली होती. ऊन कललं होतं, कोबा निवला होता, आणि लोक त्यावर ऐसपैस पसरले होते. थर्मास केव्हाच रिकामा झालेला, म्हणून दीपेशनं चूल पेटवून पातेलंभर चहा केला होता. त्याला काय काय जमतं हे त्या दिवशी वाडीला कळलं. मघाचा नवसवाला म्हातारा आपलं अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं निवांत पुरं करत होता. ढोलवाले ढोलावर डोकं टेकून घोरत होते. आबा पत्ते पिसत होते. सलाईनच्या बाटलीखाली, तुळशीशेजारी, वाघजाईची पालखी पाटावर टेकलेली, आणि तिच्यासमोर मांडीत नारळ धरलेली ऋतिका.

"आली गो बाय तुझी आई!" प्रयागबाई ओरडली.

सारिका धावतच आत गेली. ओटी तिनं आठवड्यापूर्वीच तयार करून ठेवली होती, तांदूळ, खण, हळदकुंकू, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर पिना मारून. पिशवी फोडायची आणि ओतायची, झालं. ती बाहेर आली, गुडघ्यावर बसली आणि दातांनी पिना उचकटायला लागली.

"आई, हळू," ऋतिका म्हणाली.

"अगो, लोक कधीचे थांबलेत!"

"थांबू दे त्यांना," ऋतिका म्हणाली. "मी रोज थांबते."

आवाज मोठा नव्हता, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेला. पत्ते पिसायचे थांबले. ज्यांच्या गोळ्या, ज्यांचे अर्ज, ज्यांच्या सुनांचे फोन सारिका रोज करत आली होती, ते सगळे तिथंच बसले होते. प्रयागबाई उगाच पदराचा काठ बघत बसली.

सारिकेनं पिशवी खाली ठेवली. तिनं ऋतिकेला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून सगळ्यांसमोर रडली, आणि ते रडणं तिनं उरकलं नाही. मग मायलेकींनी मिळून एकेक पिन सोडवली. तांदूळ ताटात काढले, निवडलेलेच होते तरी परत निवडले. ऋतिकेनं सकाळी चाफ्याची फुलं आणून ओल्या फडक्यात ठेवली होती, ती घेऊन आली. दोघींनी ओंजळ ओंजळ करून ओटी भरली, नारळ ठेवला, आणि कपाळ टेकलं. साहिलचा हात एकदा खिशातल्या शिट्टीकडं गेला, पण आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की हात रिकामाच बाहेर आला.

"नाचवायची का आता?" आबांनी विचारलं. सारिकेला नाही, ऋतिकेला.

"नाचवा," ती म्हणाली. "पण पटकन नाय."

पालखी नाचली ती अंधार पडेपर्यंत. मुंबईकरांच्या गाड्या रविवारी रांगेत अडकल्या आणि त्यांनी फोन करून करून सारिकेच्या वेळापत्रकाला शिव्या दिल्या. सारिकेनं मोजायचा राहिलेला स्टॉक सोमवारवर ढकलला आणि शेठला तसं कळवूनही टाकलं. रविवार असा तिच्याकडे आयता आला. तो दोघींनी दुपारपर्यंत झोपून काढला.

सोमवारी सकाळी प्रयागबाई आली. बसली, इकडचं तिकडचं बोलली, आणि निघताना हळूच म्हणाली, "तुमच्या दुकानात अजून एखादी बाटली मिळंल काय गो? माझी पण तुळस जरा सुकतेय." सारिका पायरीवर बसून ऋतिकेची वेणी घालत होती, सकाळी, उजेडात. खालून गणूनं हॉर्न दिला. सवयीनं 'आलेच' तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

"वेणी चाललीय!" तिनं वरूनच हाक दिली. "तू हो पुढं, मी मागनं येते."

"घट्ट घाल," ऋतिका म्हणाली. खाली गणूनं आणखी एकदा हॉर्न वाजवला, जरा वेळ वाट बघितली आणि मग तो गेला.